झुल्माच्या फुफ्फुसातली बुरशी

झुल्मा तेचेरा ही साल्तो गावची फुटबॉल रेफरी. खेळाडू अंगावर धावून आले तरी जागची हलायची नाही. रक्ताच्या कर्करोगावर इस्पितळात औषधं सुरू झाली, केस गेले, तरी ती नर्सांना दटावतच होती. पण औषधांनी पांढऱ्या पेशी पार तळाला नेल्या आणि ताप चढला. अँटिबायोटिकं बदलून पाहिली, ताप उतरेना. मग खोकल्यातून रक्त पडलं.

डॉक्टर इरिगोयेनबाईंनी स्कॅन पाहिला. "उजव्या फुफ्फुसात डाग आहे. बुरशी वाटतेय. असते ती हवेत, धडधाकट माणसाला काही करत नाही. तुमच्याकडे सध्या राखणीला कुणी नाही, म्हणून आत शिरली. औषध आजच सुरू करते, पण नेमकी कोणती ते कळायला नळी घालून नमुना घ्यावा लागेल."

"नळीबिळी नको. पुरे झालं आता."

डॉक्टर गेल्यावर तिचा नवरा दार्दो मास्कआडून म्हणाला, "बरं. साल्तोतल्या कोचांना कळवतो. खूश होतील बिचारे."

"टोमणे मारतोस?"

"मग काय करू? जन्मभर दुसऱ्यांना मैदानाबाहेर काढलंस. आता आपणहून निघालीस, तर मी..." त्याचे डोळे वाहू लागले.

"बोलाव बाईंना," झुल्मा म्हणाली. "आणि रडू नकोस. मास्क भिजतोय."

नमुन्यात बुरशी सापडली, पण चालू औषधाला न जुमानणारी. बाईंनी औषध बदललं. ताप हट्टी होता. उतरायचा, पुन्हा चढायचा. पेशी वाढू लागल्या तसा तो हटला आणि डाग आक्रसत गेला. कर्करोगाच्या औषधांच्या राहिलेल्या फेऱ्या तिने बुरशीचं औषध घेत घेत पुऱ्या केल्या. शेवटच्या तपासणीत रोगाचा मागमूस नव्हता.

पुढच्या वसंतात बाईंच्या परवानगीने ती मैदानात उतरली. मध्यंतरापर्यंत पाय लटपटले, पण श्वासाने दगा दिला नाही. सामना संपत आला असताना तिने गाववाल्यांच्याच विरुद्ध पेनल्टी दिली.

"आंधळी आहेस का गं भवाने?" कुंपणाच्या जाळीमागून एक म्हातारा ओरडला. मग सगळं मैदानच तिचा उद्धार करू लागलं.

गेलं वर्षभर सगळे तिच्याशी हळू आवाजात, जपून बोलत आले होते. झुल्माने छाती भरून श्वास घेतला, चेंडू ठेवायच्या खुणेकडे बोट रोखलं आणि जोरात शिट्टी फुंकली.