दोघींचा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण लग्नात नवरानवरीला उभं करून फोटो काढतात, तसला मला समजू नका. मी हलती चित्रं टिपणारा, अंगावर चावी असलेला, सिनेमाचा छोटा कॅमेरा. सध्या माझा मुक्काम सोलापुरात, बाळीवेशीतल्या एका घरी, लाकडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे. माझ्या एका बाजूला जुन्या साड्यांचं बोचकं आहे आणि दुसऱ्या बाजूला बिघडलेला स्टोव्ह. एके काळी मला बघायला अख्खं गाव गोळा व्हायचं, हे मी त्या स्टोव्हला अनेकदा सांगितलं. त्याला ते खरं वाटत नाही.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडे, बर्फाच्या डोंगरांच्या देशात झाला. पुण्याच्या एका हौशी डॉक्टरांनी मला हिंदुस्थानात आणलं आणि दहा वर्षं माझ्याकडून आपल्या कुत्र्याची चित्रं काढून घेतली. कुत्रा गुणी होता, पण मी कंटाळलो होतो. मग १९७१ साली दोन मुलींनी मला विकत घेतलं. दोघी पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेऊन नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. एक दाक्षायणी, सोलापूरचे भुसार व्यापारी ईश्वरप्पा यांची मुलगी. घरात कानडी बोलायची आणि बाहेर मराठी. दुसरी मथुरा, नातेपुत्याच्या शेतकऱ्याची लेक, बोलायला कमी आणि बघायला पक्की. ईश्वरप्पांनी घरातली मागची खोली त्यांच्या कामाला दिली आणि मी सोलापूरकर झालो.

पहिल्याच दिवशी दोघींनी एक नियम केला. मला एकटीने हात लावायचा नाही. चावी दाक्षायणी देणार, डोळा मथुरा लावणार. एकदा चावी दिली की मी जेमतेम अर्धा मिनिट चालतो. तेवढ्यात दाक्षायणी समोरच्या माणसाशी असं काही बोलायची की तो मला विसरून जायचा, आणि मथुरा नेमकं तेव्हाच बटण दाबायची. दोघींनी मान डोलावली तरच ते चित्र पुरं झालं असं धरायचं. एकीने जरी मान डोलावली नाही, तरी पुन्हा पहिल्यापासून. अशा हट्टापायी मी उन्हात किती तापलो, ते माझं मला माहीत.

गावात गेलं की लोक आधी आमच्या मागे बघायचे. डायरेक्टर साहेब मागून येतायत का, म्हणून. कुणी साहेब येणार नाहीत, या दोघीच डायरेक्टर, हे कळल्यावर एका सरपंचांनी तर आमच्यासाठी मागवलेला चहा परत पाठवला होता. पण तीन वर्षांत दोघींनी सात छोटे चित्रपट केले. मुंबईच्या टेलिव्हिजन केंद्राने ते दाखवले, वर्तमानपत्रात कौतुक छापून आलं. गंमत अशी की सोलापुरात तेव्हा टेलिव्हिजन दिसतच नव्हता. त्यामुळे जिथे आमची चित्रं निघाली, तिथेच आम्हाला कुणी ओळखत नव्हतं.

आठवा चित्रपट सोलापूरजवळच्या कुंभारी गावातल्या विडीकामगार बायकांचा होता. नाव ‘सूप’. मांडीवर सूप घेऊन त्या दिवसभर विड्या वळायच्या. त्यांच्यात शिवबाई नावाची एक वयस्क बाई होती. तिची बोटं इतकी भरभर चालायची की मलाच धाप लागायची. महिनाभर आम्ही तिच्या ओसरीवर होतो. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, हे समदं आमाला कधी दावनार? दोघींनी एकदमच शब्द दिला की दाखवू.

हा चित्रपट मुंबईच्या केंद्राला फार आवडला. तिथून पत्र आलं की या वेळी चित्रपटातल्या नावांच्या पाटीवर दिग्दर्शक म्हणून एकच नाव जाईल, दुसरं साहाय्यक म्हणून. कोणाचं नाव द्यायचं ते कळवा. दोघी पत्र वाचून हसल्या. तू ठरव, नाही तूच ठरव, असं झालं आणि विषय तिथेच राहिला.

आता जे सांगतो, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सोमवारी मथुरा बाजारात गेली असताना दाक्षायणीने माझ्याशेजारी बसून केंद्राला लिहिलं की माझं नाव नको, दिग्दर्शक म्हणून मथुराचं द्या, सगळी नजर तिची आहे. बुधवारी दाक्षायणी मठात गेली असताना मथुराने त्याच टेबलावर लिहिलं की माझं नाव नको, दाक्षायणीचं द्या, माणसांना बोलतं तीच करते. दुसरीला अचानक आनंद द्यायचा, म्हणून दोघींनीही ओठ शिवले होते. त्या आठवड्यात घरात शेंगांच्या पोळ्या झाल्या आणि दोघी कारण न सांगता खूश होत्या.

केंद्राचं काही चुकलं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे दोन पत्रं होती आणि दोन्ही पत्रांत नाव नको म्हटलं होतं. मथुराचे भाऊ हिंदुराव मुंबईत होते. त्यांनी कळवलं की चित्रपट छान झाला, पण नाव कुणाचंच आलं नाही. तेव्हा दोघींनी, पुन्हा एकमेकींना न सांगता, दुसरीचं नाव का नाही असं केंद्राला विचारलं. दाक्षायणीला एका ओळीचं उत्तर आलं की मथुराबाईंनी स्वतःच नाव नको म्हणून कळवलं होतं. मथुरालाही तसंच उत्तर आलं, फक्त नाव दाक्षायणीचं.

दाक्षायणीला वाटलं, मथुराला आता आपल्याबरोबर नाव लावायची लाज वाटते. मथुराला वाटलं, दाक्षायणीच्या घरच्यांना हे काम खुपतं आणि तिने त्यांचं ऐकलं. विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण आपल्याच जिवाभावाच्या माणसाला ‘तुला माझी लाज वाटते का’ हे विचारायचं कसं? मी दोघींच्या मधोमध टेबलावर होतो. मला सगळं ठाऊक होतं आणि मला काही करता येत नव्हतं. इतकं एकटं मला त्या कुत्र्याच्या घरीही वाटलं नव्हतं.

दोन महिन्यांनी मथुराने मुंबईच्या केंद्रात नोकरी धरली. निघताना ती म्हणाली, कॅमेरा इथेच राहू दे. दाक्षायणी म्हणाली, राहू दे. बस्स, इतकंच. नियम मात्र दोघींनी पाळला. दाक्षायणी दर दिवाळीला मला पुसायची, पण चावीला तिने कधी हात लावला नाही. ती शाळेत शिकवू लागली आणि मी वरच्या फळीवर गेलो.

पाच वर्षं गेली. १९७९च्या जानेवारीत शिवबाई कुंभारीहून चालत घरी आली. तिच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे पांढरा पडदा, उतरला होता.

“बाई, तुमी दावतो म्हनला हुता. माजी नजर चाललीया. दिसतंय तवर दावा की,” ती म्हणाली.

दाक्षायणीने त्याच दिवशी मथुराला चार ओळींचं कार्ड टाकलं. मथुरा रजा काढून, चित्रपटाचा डबा आणि प्रोजेक्टर घेऊन आली. दिवेलागणीला कुंभारीच्या शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर आम्ही ‘सूप’ दाखवला. शिवबाईने हट्टाने मलाही आणवलं होतं. दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या आणि मधे मी होतो. शिवबाई भिंतीपासून हातभर अंतरावर बसून आपली बोटं बघत होती.

चित्रपट संपला. भिंत पुन्हा पांढरी झाली. शिवबाई वळून म्हणाली, “आनि तुमची नावं कुटं हायत?”

“नाहीत,” दाक्षायणी म्हणाली.

“का?”

मथुरा खाली बघत म्हणाली, “हिला नको होतं.”

“मला?” दाक्षायणी एकदम तिच्याकडे वळली. “अगं, तुझं नाव द्या म्हणून मीच लिहिलं होतं.”

मथुराने मान वर केली. मग म्हणाली, “मी तुझं लिहिलं होतं.”

शिवबाईने दोघींकडे पाहिलं. “येका खोलीत बसून मुंबईला पत्रं लिवलीत, आनि येकमेकीला इचारलं न्हाय?”

दाक्षायणीने माझ्यावरून हात नेऊन मथुराचा हात धरला. दोघी रडल्या. मला फार बरं वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

मित्रांनो, पुढे सगळं पहिल्यासारखं झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. मथुराची रजा दोनच दिवसांची होती. मुंबईत तिचं घर आहे, लहान लेक आहे. इथे ईश्वरप्पा अंथरुणाला खिळले आहेत. दोघींची पत्रं आता दर आठवड्याला येतात-जातात, पण नववा चित्रपट झाला नाही. शिवबाईला आता दिसत नाही.

मला पुसा, जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. धूळ कधीही झटकता येते. पण शेजारी बसलेल्या माणसाबद्दल मनात काही आलं, तर त्याच दिवशी त्याला विचारा. दाक्षायणी आणि मथुरा यांच्या कामाची मी हजारो फूट फिल्म काढली. त्या पाच वर्षांची माझ्याकडे एक फूटही नाही.