बहिरी ससाण्याचा उजवा कान

हवाई दलात साहेबांना सगळे 'बहिरी ससाणा' म्हणत. तोंडावर नव्हे, पण साहेबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आभाळातून एकदा झेपावला की सावज सुटू देत नाही, असा तो पक्षी. त्याचं चित्र साहेबांच्या कचेरीत होतं, शिरस्त्राणावर होतं, चहाच्या कपांवरही होतं. पण या नावातला पहिला शब्द अक्षरशः खरा आहे, हे मात्र अख्ख्या दलात कुणाला माहीत नव्हतं. ते एकट्या बाईसाहेबांना माहीत होतं, आणि लग्न झाल्यापासून त्यांनी ते पोटात ठेवलं होतं.

साहेबांचा उजवा कान ठार बहिरा होता.

गोष्ट त्यांच्या तरुणपणची. लढाई चालू होती आणि साहेबांना सणसणीत सर्दी झाली होती. सर्दीत विमान उडवायचं नसतं, हे अगदी सुरुवातीलाच शिकवतात, कारण वरखाली करताना हवेच्या दाबानं कानाचा पडदा फाटतो. पण साहेबांचं लग्न नुकतंच ठरलेलं. जावईबापू नाक गळतंय म्हणून लढाईला गेले नाहीत, ही बातमी सासरी पोचली तर काय शोभा राहणार? ते उडाले. वाटेत ढग दाटून आले तेव्हा तळावरून सगळ्यांना परत फिरायचा हुकूम सुटला आणि सगळे शहाण्यासारखे फिरले. साहेबांच्या दोन्ही कानांत दडे बसलेले. ते एकटेच नाकासमोर पुढे गेले आणि ढगातून थेट शत्रूच्या पुलावर झेपावले. एवढा बेधडक आलाय म्हणजे मागे अख्खा ताफा असणार, असं समजून शत्रूनं पूल सोडून धूम ठोकली.

परत आल्यावर वरिष्ठांनी दरडावून विचारलं, "परत फिरायचा हुकूम ऐकला नाहीस?"

"ऐकू आलं नाही, सर," साहेब म्हणाले. बिचारे खरं तेच सांगत होते.

वरिष्ठ त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग खो खो हसत सुटले. असलं बाणेदार उत्तर त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. साहेबांना पदक मिळालं. 'ऐकू आलं नाही' ही अक्षरं अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात भिंतीवर रंगवली गेली. नेभळट हुकूम पाळायचा नसला की मर्दानं काय म्हणायचं, ते हे. पुढे डावा कान सुटला, उजवा कायमचा गेला. पण हुकूम मुद्दाम ऐकला नाही म्हणून ज्याला पदक दिलं, तो आता 'मला खरंच ऐकू येत नाही हो' असं कुठल्या तोंडानं सांगणार? शिवाय सांगितलं असतं तर विमान सुटलं असतं.

लग्नानंतर सुरुवातीला बाईसाहेबांना वाटलं, नवरा शिष्ट आहे. उजवीकडून काही विचारलं की ढुंकून बघायचा नाही. दोनचारदा त्या न्हाणीघरात जाऊन रडल्या. मग एकदा रागाच्या भरात उठून दुसऱ्या बाजूला गेल्या आणि "मी काय भिंतीशी संसार करतेय का?" असं ओरडल्या, तेव्हा नवरा दचकून उडाला. त्या संध्याकाळी त्यानं त्यांना सगळं सांगितलं. सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. बाईसाहेबांचा राग गेला आणि त्यांच्या गळ्यात एक नोकरी पडली.

नोकरी पायाची होती. चारचौघांत टेबलाखाली नवऱ्याच्या बुटाला बुटानं एकदा दाबलं तर 'हो', दोनदा दाबलं तर 'नाही', तीनदा दाबलं तर 'बघू'. जेवणाच्या टेबलावर नवराबायकोला वेगळं बसवायची दलाची पद्धत होती, ती साहेबांनी अधिकार हातात येताच मोडीत काढली. कुटुंबाशिवाय घास गिळत नाही, असं जाहीर केलं. केवढं प्रेम म्हणून सगळ्या बायकांनी कौतुक केलं आणि सगळ्या नवऱ्यांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

कानाच्या तपासणीची पहिली काही वर्षं कठीण गेली. आवाज आला की बटण दाबायचं असतं. साहेब डॉक्टरांच्या हाताची हालचाल काचेत बघून दाबायचे. पण बढती मिळत गेली तशी तपासणी सोपी होत गेली. शेवटी शेवटी तर डॉक्टरच अदबीनं विचारत, "कान ठीक ना, सर?" आणि खाली सही करून मोकळे होत. जितकं वर जावं तितकी ऐकायची गरज कमी, हे बाईसाहेबांच्या लक्षात आलं. लोक उजव्या बाजूनं तक्रारी सांगत, साहेब गंभीर चेहरा करून समोर बघत, आणि लोक म्हणत, काय संयम आहे! तीनदा दाबलं की ते "बघू" म्हणत. 'बघू'चा अर्थ ज्याचा त्यानं आपल्या सोयीनं घ्यावा. त्या 'बघू'वर धावपट्ट्या लांबल्या, कार्यालयं हलली, बदल्या झाल्या आणि साहेब चढत चढत विभागप्रमुख झाले.

आता वर एकच खुर्ची उरली होती, अख्ख्या हवाई दलाच्या प्रमुखाची. सध्याचे प्रमुख निवृत्त होत होते. मंत्रिमहोदयांनी साहेबांना सपत्नीक जेवायला बोलावलं तेव्हा काय ते सगळ्यांना कळलं. बाईसाहेबांच्याही तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोला? दर बदलीला नवं घर, नव्या खिडक्या, आणि जुने पडदे एक तर आखूड नाही तर जमिनीवर लोळणारे. प्रमुखांच्या बंगल्यात त्या एकदा चहाला गेल्या होत्या. तिथल्या दिवाणखान्याच्या खिडक्या त्यांनी नजरेनंच मापून ठेवल्या होत्या. त्यांचे निळे पडदे तिथे चपखल बसले असते.

पण एक गोष्ट त्यांना आतून खात होती. त्यांची लेकही हवाई दलात होती, नव्या वैमानिकांना उडायला शिकवायची. शिकवायची नवी विमानं घ्यायचं घाटत होतं आणि नमुन्याची दोन तिच्या तळावर आली होती. त्यातल्या एकाचं इंजिन ती हवेत असताना बंद पडलं. तिनं विमान शेतात उतरवलं, कोपराला खरचटण्यावर निभावलं. सुट्टीवर घरी आली तेव्हा जेवताना तिनं बापाला सांगितलं.

"बाबा, ती विमानं चांगली नाहीत. मी कसंबसं उतरवलं. कालपरवा भरती झालेल्या पोरांना नाही जमणार. कुणीतरी मरेल."

"बघू," साहेब म्हणाले.

लेक डाव्या बाजूला बसली होती. बाईसाहेबांनी टेबलाखाली पाय हलवलासुद्धा नव्हता.

मंत्रिमहोदयांकडचं जेवण दुपारचं होतं. लांबलचक टेबल, पांढरंशुभ्र कापड, दोन्ही बाजूंना दलातले झाडून सगळे मोठे अधिकारी आणि त्यांच्या बायका. बाईसाहेब सवयीनं साहेबांच्या उजवीकडची खुर्ची ओढायला गेल्या, तोच मंत्रिमहोदय लगबगीनं आले.

"वहिनी, आज तुम्ही तिकडे. आज साहेब माझे," असं म्हणून त्यांनी बाईसाहेबांना डावीकडे धाडलं आणि स्वतः बहिऱ्या कानापाशी ठाण मांडलं.

हे मंत्रिमहोदय भाषणात गर्जायचे, पण कामाचं बोलायचं असलं की रुमाल ओठांशी धरून पुटपुटायचे. सूप आलं. ते पुटपुटू लागले. साहेब सूप पीत मान डोलवत होते. बाईसाहेबांनी मात्र कान टवकारले. एवढ्या वर्षांत त्यांचे कान दोघांचं काम करून इतके तयार झाले होते, की पलीकडच्या खोलीतली चुगलीसुद्धा त्यांना ऐकू यायची.

"खुर्ची तुमचीच," मंत्रिमहोदय म्हणत होते. "तेवढं ते शिकवायच्या विमानांचं उरकून टाकू. इंजिनाबद्दल काही पोरंपोरी कटकट करताहेत, ती दाबावी लागेल. आपलीच माणसं आहेत बनवणारी. तुमची काही हरकत नाही ना?"

आणि ते उत्तरासाठी थांबले. साहेबांनी चमचा खाली ठेवला, चेहरा गंभीर केला आणि बूट किंचित डावीकडे सरकवला.

बाईसाहेबांनी पाय पुढे केला आणि तो हवेतच थांबला. दोनदा दाबावं, तर साहेब म्हणणार "नाही." म्हणजे हरकत नाही. एकदा दाबावं, तर म्हणणार "हो." म्हणजे, हो हो, हरकत नाहीच. तीनदा दाबावं, तर "बघू", आणि साहेबांच्या 'बघू'वर आजवर कुठलं काम अडलंय? मेल्यानं प्रश्नच असा विचारला होता, की काहीही उत्तर दिलं तरी होकारच. त्यांना निळे पडदे दिसले. मग लेकीचं कोपर दिसलं, त्यावरची खपली दिसली. मंत्रिमहोदय वाट बघत होते. बाईसाहेबांना काही म्हणजे काही सुचेना, आणि त्यांनी टाच उचलून नवऱ्याच्या पायावर जीव खाऊन हाणली.

साहेब कळवळले. अशी खूण ठरलीच नव्हती. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तिचा चेहरा पांढराफटक पडलेला. मंत्र्यांकडे पाहिलं, रुमालामागे काय चाललंय ते कळेना. गोंधळलेल्या माणसाच्या तोंडून निघतं तेच निघालं, आणि चांगलं खणखणीत निघालं.

"ऐकू आलं नाही."

सगळ्या टेबलावरचे चमचे थांबले. त्या वाक्याचा अर्थ तिथल्या एकूण एक माणसाला पाठ होता. भिंतीवर रोज वाचून वाचून तो त्यांच्या रक्तात भिनला होता. मंत्रिमहोदयांचा चेहरा उतरला.

साहेब बिचारे मदतीला धावले. "जरा मोठ्यानं बोला ना," ते म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला."

तो प्रश्न सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारण्याजोगा नव्हता. मंत्रिमहोदयांनी रुमाल घडी करून ठेवला, "काही नाही, काही नाही, सूप छान झालंय," म्हणाले आणि नंतर पार शेवटपर्यंत दुसऱ्या बाजूच्या अधिकाऱ्याशी बोलत राहिले. निघताना एका म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं साहेबांना कडकडून मिठी मारली. साहेबांना कशाचा पत्ता नव्हता, पण मिठी आली म्हणून त्यांनीही परत दिली.

गाडीत बाईसाहेब डाव्या बाजूला बसल्या. साहेब बूट काढून पाय चोळत होते.

"अगं, काय विचारलं त्यांनी?"

बाईसाहेबांनी सगळं सांगितलं. खुर्चीचं, विमानांचं, पोरापोरींच्या कटकटीचं. साहेब पाय चोळायचे थांबले.

"म्हणजे गेली खुर्ची," ते म्हणाले.

"गेली. पण बरोबर तेच बोललात हो तुम्ही," बाईसाहेब म्हणाल्या.

"खरं सांगू?" साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "ऐकू आलं असतं ना, तर मी 'हरकत नाही' म्हणालो असतो."

टाच उचलली तेव्हा बाईसाहेबांना हीच तर भीती होती.

दुसऱ्याच कुणाची तरी नेमणूक झाली. पण जेवणाची गोष्ट तोवर तळातळावर पोचली होती, आणि तिच्यात दर तळावर थोडी भर पडत होती. एके ठिकाणी तर साहेबांनी सूपच मंत्र्यांवर ओतलं होतं. नव्या प्रमुखांची त्या विमानांना हात लावायची छाती झाली नाही, आणि नमुन्याची दोन्ही परत गेली. साहेब निवृत्त झाले. निळे पडदे नव्या घरातल्या खिडक्यांना वीतभर लांब झाले. बाईसाहेब ते कापायला बसल्या होत्या, तेव्हा लेकीचा फोन आला.

साहेबांनी घेतला. लेकीचा आवाज एवढा चढला होता, की खोलीच्या या टोकाला बाईसाहेबांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. "बाबा, मला वाटलं होतं तुम्ही माझं ऐकलंच नाही. मी रागावले होते तुमच्यावर. तुम्ही ऐकलंत, बाबा. माझ्यासाठी खुर्ची सोडलीत. आमच्या तळावर सगळे मला विचारतात, असा बाप कसा असतो गं?" ती बोलत होती आणि मध्येच रडत होती.

"हं," साहेब म्हणत होते. "हं. हं."

बाईसाहेबांनी कात्री ठेवून वर पाहिलं. साहेबांनी फोन डाव्या कानावरून काढून उजव्या कानाला लावला होता. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ते मुद्दाम ऐकत नव्हते.