श्रीधरच्या कॉन्टेसावरचा टॅग

त्या कॉन्टेसाचं सगळं काम मी केलं. इंजिन उतरवलं, सडलेला तळ कापून नवा पत्रा लावला, सीटा उसवल्या. फक्त स्टिअरिंगले हात लावला नाही. कोणाले लावू बी दिला नाही. कोहक्याच्या गॅरेजवाला गुड्डू डेंटर म्हणे, दौलतकाका सठिया गये हैं. म्हणू दे. मी अडुसष्ट वर्षांचा आहो, सठियायचं वय कधीच मागं गेलं.

स्टिअरिंगवर श्रीधरचा टॅग होता. पत्र्याचा, लाल रंगाचा, तारेनं बांधलेला. त्यावर लिहिलं होतं, ‘आदमी काम पर है. चालू न करें.’ खाली पेंटनं त्याचं नाव. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये मशीन बंद करून आत काम कराले जाणाऱ्या प्रत्येकाचा असा टॅग राहायचा. आत जातांना स्विचवर लावायचा, बाहेर आला की त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं काढायचा नाही, मोठा सायेब आला तरी नाही. मी पंधरा वर्षं फोरमन होतो आणि हा नियम मी पोरायच्या डोक्यात शिव्या देऊन देऊन भरला.

श्रीधर वाघाडे माझ्या गँगमधला फिटर. हात इतका हुशार की नुसता आवाज ऐकून कोणतं बेअरिंग जाणार ते सांगायचा. पण डोकं विसराळू. नाइट करून सकाळी टॅग तसाच ठेवून, सायकल मारत घरी निघून जायचा. इकडं मशीन उभं, वरून सायबायचे फोन. माणूस आत राहिला नाही हे पक्कं करायची मंग एकच रीत होती, त्याच्या घरी फोन. सेक्टर दोनच्या क्वार्टरमधून वासंतीवैनी उचलायच्या.

“वैनी, श्रीधर घरी पोचला का?”

“पोचले तर. जेवून झोपले बी.”

मी रजिस्टरमध्ये लिहायचो, सही करायचो, टॅग काढायचो. दुसऱ्या दिवशी त्याले असा झापायचो की कँटीनपर्यंत ऐकू जायचं. तो आपला हसत राहायचा.

अठ्ठ्याण्णवमध्ये बदली होऊन चाललेल्या एका सायबाकडून त्यानं ही कॉन्टेसा घेतली. मरून रंगाची, लांबलचक, बोनेट असं की वर दोघं आरामात झोपतील. अख्ख्या गल्लीत सायकली आणि स्कूटर, आणि याच्या दारात हे जहाज. क्वार्टरच्या बाजूले मावत नव्हती म्हणून पठ्ठ्यानं वैनीचं जास्वंदीचं कुंपण तोडलं. वैनी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी रविवार होता. त्यानं वैनीले आणि लहानग्या लेकीले, प्रणिताले, बसवून मरोद्याच्या तलावावर नेलं, आणि तेव्हापासून दर रविवारी मरोदा ठरलेला. कधी माझं बिऱ्हाड बी त्यात कोंबायचा. काचा खाली, मांडीवर भाजलेल्या भुईमुगाच्या फल्लीचा पुडा, आणि गल्लीतून निघतांना हॉर्न बंद. कारण घराघरात कोणी ना कोणी नाइट करून झोपलेला राहायचा. तेवढी अक्कल तेव्हा सगळ्यायले होती. ते दिवस आठवले की मले आत्ताचं काहीच बरं वाटत नाही.

रिटायर झाल्यावर त्यानं गाडी उघडली. “एकदम नवी करतो, पाहजो तू,” म्हणे. बॅटरी काढली आणि सवयीनं स्टिअरिंगले टॅग बांधला. इंजिन उतरवाले दोघं लागतात, रविवारी ये म्हणाला. मले नागपूरले लग्न होतं. मी म्हणलं, पुढच्या रविवारी येतो. मधल्या गुरुवारी तो आंघोळीले गेला आणि तिथंच पडला, उठलाच नाही. सहा वर्षं झाली. तो रविवार मले अजून टोचून राहिला.

गाडी ताडपत्रीखाली तशीच उभी राहिली. यंदा प्रणिताचा हैदराबादहून फोन आला. आई एकटी किती दिवस राहणार, क्वार्टर सोडून तिले इकडं आणून राहिलो, तीन महिन्यांनी तीस तारखेची ट्रेन आहे. “काका, कॉन्टेसा बन सकती है तो देख लो, नहीं तो कबाडी ले जाएगा.”

“तुझ्या बापाची गाडी कबाडीले? बोलवते कसं गं पोट्टे तुले?” मी असा बरसलो की तिनं दोनदा सॉरी म्हणलं.

मंग वैनीकडं गेलो. त्या म्हणाल्या, “भाऊजी, मले तिच्यात बसून एकदा मरोद्याले जायचं आहे. त्याशिवाय माझा पाय भिलाईतून निघणार नाही.” मी म्हणलं, करतो. टॅगची तार सोडाले हात नेला, तर त्यायनं माझा हात धरला.

“ज्यानं लावला तो काढंल. तुमीच शिकवलं नं सगळ्यायले?”

आता घ्या. गाडीत बसायचं बी आहे आणि टॅग काढू बी द्यायचा नाही. दुसरं कोणी असतं तर मी भांडलो असतो. पण खरं सांगतो, मले बी तो काढवत नव्हता.

क्रेननं उचलून गाडी ट्रकवर ठेवली आणि कोहक्याले नेली. तीन महिने लागले. पिस्टन जाम होते, त्यात डिझेल ओतून आठ दिवस वाट पायली. मागचे लाइट नागपूरच्या जुन्या बाजारातून शोधून आणले. एक बुश कुठंच भेटेना, तो मी स्वतः लेथवर बनवला, श्रीधर बनवायचा तसा, एकदम मापात. गुड्डूले तिले काळी करायची होती, वरून पांढरे पट्टे आणि रुंद टायर. “काका, मसल कार का लुक आ जाएगा.” मी म्हणलं, लुक तुझ्या मोटरसायकलले दे. पेट्रोलच्या झाकणाच्या आत जुना मरून रंग शाबूत होता, तो दाखवून तसाच मिळवाले लावला. चार वेळा चुकला, पाचव्यांदा जमला.

मागची सीट काढली तेव्हा खाली फल्लीची टरफलं सापडली. आणि प्रणिताची गुलाबी क्लिप. मी तिथंच बसलो. गुड्डूले सांगितलं, डोळ्यात पुट्टीची धूळ गेली.

एकोणतीस तारखेच्या सकाळी गाडी तयार झाली. इंजिन बसवायच्या आधी स्टँडवर चालवून पायलं होतं, बॅटरी जोडली होती, चाबी लावलेली होती. वैनीची ट्रेन दुसऱ्या दिवशी. आणि मी दार उघडून त्या टॅगकडं पाहत उभा.

“चाबी तो घुमाओ काका,” गुड्डू म्हणाला.

“टैग लगा है.”

गुड्डू चिडला नाही. हात पुसत पुसत त्यानं सहज विचारलं, “प्लांट में कोई टैग भूलके घर चला जाता था, तो क्या करते थे?”

“घर पे फोन करते थे,” मी म्हणलं. आणि म्हणून झाल्यावर मी सीटवर बसलो.

इतके महिने मी अर्धाच नियम धरून बसलो होतो. मोबाइल काढला. नंबर लावला. वैनीनं उचलला. मागं प्रणिता खोक्यायले टेप लावून राहिली होती, तो आवाज येत होता.

“वैनी, मी फोरमन बोलून राहिलो. दौलतराव.” मंग विचारलं. “श्रीधर घरी पोचला का?”

टेपचा आवाज थांबला. मले वाटलं, चुकलो, मी त्यायचं मन दुखवलं. फोन ठेवावा का, हेच समजेना.

“पोचले,” वैनी म्हणाल्या. रडत होत्या. मंग आवाज सावरला, अगदी पयल्यासारखा. “पोचले तर, भाऊजी. जेवून झोपले बी. काढा तुमी.”

मी बी रडलो, गुड्डूसमोरच. मंग पकड घेऊन तार उलगडली. रजिस्टर नव्हतं, म्हणून टॅगच्या मागं खिळ्यानं कोरलं, माणूस बाहेर आहे, चालू कराले हरकत नाही. खाली तारीख आणि सही. चाबी फिरवली. दुसऱ्या झटक्यात इंजिन लागलं.

सेक्टर दोनमध्ये पोचलो तेव्हा वैनी फाटकाशी उभ्या होत्या, हातात फल्लीचा पुडा. मी टॅग दिला. त्यायनं दोन्ही बाजूनं वाचला, पर्समध्ये ठेवला आणि पुढच्या सीटवर बसल्या. प्रणिता मागं बसली.

गल्लीच्या तोंडाशी एक गाय आडवी बसली होती. माझा हात हॉर्नकडं गेला.

“नका वाजवू भाऊजी,” वैनी हळूच म्हणाल्या. “झोपले आहेत ते.”

मी खाली उतरून गाय हाकलली, आणि आम्ही मरोद्याले गेलो.