मालाचं गेट

"मासळी दाराशी!" कार्गोचा सुपरवायझर कानाला फोन तसाच ठेवून हमालांवर ओरडला. "पेटी आत सरकवा. मासळी सडते, बाबा. तो काय आता आणखी मरणार आहे?"

दोन्ही हमाल फिदीफिदी हसले. व्हॅनचा ड्रायव्हर साबणराव दार धरून उभा होता, त्याने तोंड फिरवलं.

साबणराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. रोज संध्याकाळी तो गाडी आतून साबणाने खसाखसा घासायचा, म्हणून हमालांनी ठेवलेलं ते नाव. पुढे कचेरीतही तेच चिकटलं. घरी बायको म्हणायची, "आंघोळीला पाणी ठेवलंय का तेही गाडीच्या डोक्यावर ओतलंत?" तरी वास काही जायचा नाही. मासळीचं पाणी, कुजकी फुलं, खोक्यात गुदमरलेली कोंबडीची पिल्लं. जन्मभर लोकांची घाण वाहायची आणि जन्मभर तिची शिसारी बाळगायची, असलं नशीब घेऊन आला होता गडी.

शहराला विमानतळ दोन. परदेशची मोठी विमानं जुन्यावर उतरायची, गावोगावची छोटी विमानं नव्यावरून सुटायची आणि दोहोंच्या मध्ये अख्खं शहर आडवं पसरलेलं. कुठल्या शहाण्याने ही अक्कल चालवली देव जाणे. जुन्यावर उतरलेला माल नव्यावरच्या विमानात चढवायचा, एवढंच साबणरावाचं काम. गाडी भरायची रीत साधी होती. आधी भरलेलं शेवटी निघतं, शेवटी भरलेलं आधी. नव्या विमानतळाचं मालाचं गेट वेळ झाली की धाडकन बंद व्हायचं. तोवर आत गेलं ते गेलं, राहिलं ते उद्या. म्हणजे सुपरवायझरच्या सांगण्याप्रमाणे मासळी आज उडणार होती आणि पेटी रात्रभर कुठल्यातरी शेडमध्ये पडून राहणार होती.

गोणपाटात शिवलेल्या त्या पेटीला एका हाताने धरून एक बाई उभी होती. पेटीत तिचा नवरा होता. विमान कंपनीच्या माणसाने तिला दोनदा सांगून पाहिलं होतं, की बाई, बाकीच्या प्रवाशांबरोबर बसने नव्या विमानतळावर व्हा, तुमचा डाग मागून येईल. डाग म्हणाला तो, सामानाला म्हणतात तसं. तिच्या तोंडावर.

"आधी ते गाडीत चढू देत," बाई म्हणाली होती. "मग मी जाते."

पण मासळीची तपासणी होईपर्यंत गाडी भरायची नाही, असा सुपरवायझरचा हुकूम. तपासणी रेंगाळली आणि बस निघून गेली. मघापासून माणसं तिला वळसा घालून जात होती. एकाने तर चहाचा रिकामा कप पेटीवर ठेवला. बाईने तो उचलला, कुठे टाकावा कळेना, म्हणून हातातच धरून उभी राहिली. ते पाहिलं आणि साबणरावाचं डोकं फिरलं.

सुपरवायझर फोनवर बोलत बोलत आत गेला. साबणराव हमालांना म्हणाला, "मासळी आत. पेटी दाराशी."

"अहो पण साहेब..."

"साहेबाला मी बघतो. आणि दात काढायचे असतील तर आपल्या बापाच्या मयतीत काढा. चला, हात लावा."

पेटी दाराशी लागली. साबणरावाने पुढचं दार उघडलं. "बसा, ताई. गाडीत माणूस न्यायची परवानगी नाही, पण परवानगीने इथे काय काय चालतं ते बघितलंच तुम्ही."

शहराची गर्दी नेहमीसारखीच होती. हॉर्न, धूर, पुलावर वाहनांची रांग. मागून मासळीचं पाणी फळीखालून ठिबकत होतं आणि दर्प पुढपर्यंत येत होता. बाईने पदर नाकाशी नेला आणि लगेच खाली घेतला. साबणरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मासळीचा आहे हो वास," तो म्हणाला. "त्यांचा नाही."

"माहितेय मला. त्यांची पेटी आतून पत्र्याची आहे. पत्र्याला डाक देऊन ती बंद केली तेव्हा मी समोर होते." मग ती सांगू लागली, "तिकडे परदेशात त्यांच्या खोलीवर गेले होते मी. इतकी वर्षं नुसतं फोनवर ऐकायचे, खोली छान आहे, खोली छान आहे. एकावर एक खाटा टाकलेल्या. त्यांच्या खाटेवर दुसराच माणूस झोपला होता. यांचे कपडे पोत्यात भरून संडासाच्या दाराशी ठेवलेले. मुकादम मला म्हणतो, कधी नेताय? जसं काही मी कचरा न्यायला आलेय."

"शी!" साबणरावाने खिडकीतून बाहेर थुंकल्यासारखं केलं. "माणसं आहेत की कोण!"

"दादा, विमान मिळेल ना? सगळे जमलेत हो घरी. ते आणि मी एकत्रच पोचलो पाहिजे. मी त्यांना एकटं नाही पाठवणार."

"ते माझ्यावर सोडा." साबणराव सरसावून बसला. "इतक्या वर्षांत एका डागाचं विमान चुकवलं नाही मी." जीभ चावली त्याने. "म्हणजे, मालाचं."

आणि खरोखरच त्याने गाडी हाणली. भाजीबाजाराच्या मागून काढली, गोदामांच्या गल्लीत घातली, एका ट्रकवाल्याच्या मातापित्यांचा उद्धार केला आणि गेट बंद व्हायच्या आत नव्या विमानतळाच्या मागच्या अंगाला आणून उभी केली. पेटी दाराशी होती, त्यामुळे पहिली तीच उतरली. काट्यावरच्या माणसाने वजन मोठ्याने पुकारलं.

"ते इतके जड नव्हते," बाई हळूच म्हणाली.

काट्यावरच्याने वर पाहिलंसुद्धा नाही. पेटी रबरी पडद्यातून आत गेली. तिच्यामागून मासळीची निम्मी खोकी गेली आणि मग गेट पडलं. उरलेली खोकी गाडीतच राहिली. सुपरवायझर आता आकाशपाताळ एक करणार होता, पण साबणरावाला त्याची फिकीर नव्हती. कित्येक महिन्यांनी त्याला स्वच्छ वाटत होतं. गाडी न धुताच.

माल आत गेला की चहा, ही त्याची सवय. माल आत गेला म्हणजे काम संपलं. बाईने कालपासून काही खाल्लेलं नव्हतं, ते तिच्याकडे बघूनच कळत होतं. "हात धुवा, ताई, इथे नळ आहे. दोन घोट चहा घ्या. आता घाई कसली? ते चढले, तुम्हीही चढाल." बाई नको नको म्हणत होती. त्याने ऐकलं नाही. टपरीवाल्याकडून बिस्किटंसुद्धा आणली. ती गरम चहा फुंकून फुंकून प्यायली आणि त्याला कसं बरं वाटलं, काय सांगावं! आज निदान एका माणसाशी तरी कुणी माणसासारखं वागलं, असं त्याच्या मनात आलं.

मग गाडी वळवून तो तिला विमानतळाच्या पुढच्या, प्रवाशांच्या दाराला घेऊन गेला. इतक्या वर्षांत या बाजूला तो पहिल्यांदाच येत होता. धावपट्टीला वळसा घालून, टोलची रांग ओलांडून, चुकीच्या मजल्यावर चढून पुन्हा खाली उतरून. चकाचक फरशी, थंडगार काच. काउंटरवर एक मुलगी पर्स आवरत होती.

"काउंटर बंद झालं, मॅडम."

"विमान गेलं?" साबणराव पुढे झाला.

"विमान आहे. बोर्डिंग चालू आहे. पण काउंटर आधीच बंद होतं. सगळ्यांना माहीत असतं ते."

"अहो पण विमान उभंच आहे ना! बसमध्ये सुद्धा सुटेपर्यंत घेतात माणसं!"

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. वास तिच्याही नाकाला लागला असावा, कारण ती अर्धं पाऊल मागे सरली. "ही बस नाही, काका."

"त्यांचा नवरा आहे त्या विमानात!"

"मग ते पोचतील. मॅडमना उद्या सकाळचं देते."

साबणराव भांडला. आरडाओरडा केला, हात जोडले, मोठ्या साहेबाला बोलवा म्हणाला. मोठा साहेब आला आणि तेच गोड आवाजात सांगून गेला. मग पेटी तरी खाली उतरवा, साबणराव म्हणाला. आता नाही उतरवता येत, मालाची दारं लागली. मुलगीही गेली. फरशी पुसणारा यंत्र ढकलत त्यांच्या पायांभोवतीची जागा पुसून पुढे गेला.

मालाची वेळ त्याला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. माणसांची वेळ त्याने कधी कुणाला विचारलीच नव्हती. सुपरवायझरला मनात शिव्या घातल्या, हमालांना झापलं, मुकादमाच्या नावाने थुंकला आणि बाईला सोबत मिळवून देता देता ती सोबत यानेच घालवली. दोन घोट चहापायी. मासळीचं पाणी परवडलं, इतकी स्वतःची किळस त्याला आली.

"ताई, चूक माझी आहे. मी तुम्हाला थांबवलं."

बाई बाकावर बसली होती. त्याच्यावर ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिने मान हलवली आणि पिशवीतून फोन काढून घरी लेकीला लावला.

"हॅलो, अगं मी बोलतेय. नाही, मी नाही येत आज. उद्या येते. ते निघालेत. आत्याला रडू दे, तू नीट ऐक. ते सुट्टीला यायचे तेव्हा मी गाडीचा आवाज आला की बेलच्या आधी दार उघडून उभी राहायचे ना, तशी आज तू उभी राहा. त्यांना बाहेर थांबायला लागायला नको. आणि दाराशी उभी असशील तेव्हा रडू नकोस, बरं का. आत आल्यावर रड."

साबणराव तिच्या शेजारी उभा होता. खिशातला फोन वाजत होता, सुपरवायझरचाच असणार. त्याने तो उचलला नाही. बाहेर उन्हात गाडीतल्या खोक्यांखालून पाणी गळत होतं.

"तुम्ही जा, दादा," बाई म्हणाली. "तुमचा माल खराब होईल."