भोक न पडलेलं मत

राज्याच्या न्यायालयाने शुक्रवारी फेरमोजणीचा हुकूम दिला आणि शनिवारी सकाळी आर्डिथ प्रुइट वाचनालयाच्या दालनात टेबलाशी बसली. पोस्टातून निवृत्त झालेली, अडुसष्ट वर्षांची बाई. २००० सालच्या निवडणुकीत अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण, हे फ्लोरिडातल्या काहीशे मतांवर अडलं होतं. तिथे मतदार कार्डावर उमेदवारासमोर टोच्या दाबून भोक पाडायचा आणि यंत्र ती भोकं मोजायचं. यंत्राला ज्या कार्डांवर राष्ट्राध्यक्षासाठी भोक सापडलं नव्हतं, ती आता माणसांनी डोळ्यांनी बघायची होती.

प्रत्येक टेबलाशी दोन पक्षांचे दोघं. आर्डिथच्या समोर डेल्मर स्टोक्स होता, गळ आणि आमिषं विकणारा. दोघांनाही आपापल्या पक्षाने बजावून पाठवलं होतं. आर्डिथच्या पक्षाचं म्हणणं, कार्ड नुसतं दबलं असलं तरी मत धरा. डेल्मरच्या पक्षाचं म्हणणं, भोक नाही तर मत नाही. एकमत झालं नाही की कार्ड दालनात बसलेल्या न्यायाधीशांच्या खोक्यात टाकायचं, निकाल ते देणार.

दुपारी आर्डिथच्याच वस्तीचा गठ्ठा आला. तिच्या नवऱ्याला, व्हर्जिलला, उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. उजव्या हातात जोर नव्हता. तरी मतदानाच्या दिवशी त्याने तिला मदतीलाही आत येऊ दिलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं तो तिच्या विरुद्ध पक्षाला मत देत आला होता आणि तिच्यावर त्याचा एवढ्यापुरता भरवसा नव्हता, असं तो हसत सांगायचा.

दहा-बारा कार्डांनंतर एक असं हाती आलं की वरपासून खालपर्यंत कुठेच धड भोक नव्हतं. नुसत्या दबल्याच्या खुणा. राष्ट्राध्यक्षाच्या रांगेतली खूण डेल्मरच्या उमेदवारासमोर होती. कार्डावर मतदाराचं नाव नसतं. ते कुणाचंही असू शकलं असतं. डेल्मर चष्मा पुसत होता. ती काही न बोलता कार्ड बाजूला सारू शकली असती.

"हे तुमच्या माणसाचं मत आहे," ती म्हणाली.

डेल्मरने कार्ड उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं. मग खजील होऊन म्हणाला, "दिसतंय मला, बाई. पण मी हो म्हटलं, तर तुमची असली सगळी मतं मला धरावी लागतील."

"मग धरा की."

"तसं बजावलंय मला. नाही जमणार."

ती हरकत नोंदवते म्हणाली. कार्ड खोक्यात गेलं.

तीनच्या सुमाराला कारकून न्यायाधीशांच्या कानाशी लागला. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने मोजणी थांबवली होती. न्यायाधीशांनी सगळ्यांना हात टेबलावरून काढायला सांगितलं. खोकं तसंच सीलबंद झालं. आतलं एकही कार्ड त्यांनी पाहिलं नव्हतं. डेल्मरने आर्डिथचा कोट आणून दिला आणि कार्ड कुणाचं होतं, हे विचारलं नाही.

घरी तिने व्हर्जिलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी चांगलं दाबलं होतं."

बुधवारी सकाळी बातमी ऐकली. न्यायालयाने मोजणी कायमची बंद केली होती, म्हणजे आधीच्या मोजणीत पुढे असलेला व्हर्जिलचा उमेदवार जिंकला. आर्डिथने मन मोठं करून त्याचं अभिनंदन केलं.

"जिंकला खरा," तो म्हणाला, "पण मी नव्हतो त्यात." आणि बशीतला मक्याचा सांजा चमच्याने नुसता इकडून तिकडे करत बसला. आपला उमेदवार हरल्याचं तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला त्याच्याकडे बघवेना.

दोन वर्षांनी राज्यपालाची निवडणूक आली. भोकांची कार्डं जाऊन पेनाने रंगवायचे कागद आले होते. व्हर्जिलने अधिकाऱ्याला सांगितलं की मदतीला बायको आत येईल. तो एकेक नाव बोलत गेला आणि तिला मुळीच न आवडणाऱ्या माणसांसमोरचे गोल ती काळजीपूर्वक, काठापर्यंत भरत गेली.

"हा तर चोर आहे," एका नावापाशी ती पुटपुटली.

"असू दे. नीट भर."

तिने भरला.