बखरीत नसलेली सीता

मित्रांनो, मी एक जुनी हस्तलिखित कादंबरी आहे. मला कधी कोणी छापलं नाही, पण त्याची मला लाज वाटत नाही.

धारमध्ये मुलींना शिकवणाऱ्या दुर्गाबाईंनी १९०७ साली मला बोरूने लिहायला घेतलं. त्याच्याही शंभर वर्षं आधी मनावर गावाकडच्या एका गढीला वेढा पडला होता, त्याची मी गोष्ट. बाईंनी जुनी पत्रं वाचली, बखर वाचली, गढीचे पडके बुरूज स्वतः चढून पाहिले. वेढ्यातल्या लोकांना चोरवाटेने पाणी पुरवणारी सीता मात्र त्यांनी मनाने रचली. तसं माझ्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

तीन वर्षांनी मी पूर्ण झाले. गढीच्या किल्लेदाराचे पणतू उदाजीराव मला छापून द्यायला तयार झाले. पण वाचून होताच त्यांनी बाईंना बोलावलं.

“ही सीता कोण? आमच्या बखरीत नाही. खोटं आहे हे!”

“बखरीत पाणी पिणारे दोनशे शिपाई आहेत, सरकार. पाणी आणणारं कोणीच नाही. कोणीतरी आणलंच असेल ना?”

“मग आमच्या पणजोबांनी आणलं, असं लिहा. उद्याच छापखान्यात पाठवतो.”

बाईंनी मला उचलून पदराखाली घेतलं.

“सीता माझ्या मनातली आहे, हे मी कबूल केलंय. तुमच्या पणजोबांचं मात्र लोक खरं धरून चालतील. ते मी लिहिणार नाही.”

त्यानंतर छापण्याचं नाव कोणी काढलं नाही. बाई मला घरोघर वाचून दाखवू लागल्या. एकदा पाणी भरणारी मालन रिकामा हंडा घेऊन दारातच बसून राहिली.

“बाई, हंडे वाहून सीतेच्या टाळूवरचे केस झिजले, ये तुमको कैसे मालूम?”

“तुझ्याकडे बघून लिहिलं गं.”

मालनने डोक्यावरचा पदर नीट केला. “तेवढं पान परत वाचा ना,” ती म्हणाली.

आता माझी शाई फिकी पडली आहे, कडांना कसर लागली आहे. मित्रांनो, मला जपा. घडल्याचा पुरावा म्हणून मला पुढे करू नका; त्यासाठी दफ्तरं आहेत. पण कल्पित म्हणून चुलीकडे नेणार असाल, तर आधी मला शेवटपर्यंत वाचा. मग जाळायची हिंमत होते का, बघू.