दूरध्वनीतील कोंबडा

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातला विहार म्हणजे भाड्याने घेतलेले एक साधे दुमजली घर होते. गॅरेजमध्ये पादत्राणे, बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तेथे नेमाने येणाऱ्या प्रफुल्लने आणून ठेवलेला स्पीकरचा फोन. दर रविवारी सकाळी नागपूरकडची काही कुटुंबे आणि विहाराचे प्रमुख भिक्खू असलेल्या भदंतांच्या देशातून परागंदा झालेली माणसे तेथे एकत्र वंदना घेत. त्या देशावर लष्कराचा अंमल होता. भदंत त्याचे नाव घेत नसत. नुसते ‘आमच्याकडे’ म्हणत.

वंदनेनंतर त्यांच्या प्रथेप्रमाणे दिवंगतांची नावे उच्चारली जात आणि एकेक जण झारीतून वाडग्यात पाण्याची बारीक धार सोडी. त्या वेळी दोन स्त्रिया मागे सरकून बसत. एक प्रफुल्लची आई, गिरजाबाई. “पिंड नि तर्पण सोडून आम्हाला चाळीस वर्षं झाली, भंतेजी. आता अमेरिकेत येऊन झारी धरू होय?” असे त्या म्हणत, आणि भदंत हसून मान डोलावीत.

दुसरी खेमा. ती भदंतांच्याच देशातली. तरुणपणी पाली शिकण्यासाठी नागपुरात राहिलेली, म्हणून तिला मराठी येई. तिचे कारण निराळे होते. तिच्या एकुलत्या मुलाला, तिस्साला, शिपायांनी भरल्या ताटावरून उठवून नेले होते. त्याला आता कित्येक वर्षे झाली. तो गेला असे कोणी सांगितले नव्हते. म्हणून पाण्यावर त्याचे नाव घेऊ देण्यास ती तयार नव्हती.

त्या हिवाळ्यात तेथील सेनापतींनी निवडणूक घेतली. विरोधक तुरुंगात आणि उमेदवार सगळे त्यांचेच. खेमा डेट्रॉइटच्या चौकात बर्फात फलक धरून उभी राही आणि वार्ताहरांना सांगे, “हे सोंग आहे. ते मेलेल्यांनासुद्धा रांगेत उभे करतील.”

मतदान उरकल्यावर वकिलातीचा एक अधिकारी विहारात आला. त्याने पादत्राणे नीट जोडून ठेवली, मूर्तीपुढे तीनदा मस्तक टेकले आणि मऊ आवाजात खेमाशी काही बोलला. ती भिंतीला टेकली.

“काय म्हणतो गं?” गिरजाबाईंनी विचारले.

“तिस्साने मत दिलं म्हणतो. तो जिवंत आहे, ताई. फोनवर स्वतः सांगेल.” खेमाने त्यांचा हात धरला. “मी पेपरवाल्यांना सांगायचं की निवडणूक खरी होती. मग भेट करवून देतील.”

गिरजाबाईंनी मनात जुळवून पाहिले. निवडणूक खरी, तर पोर जिवंत. सोंग असेल, तर पोर कुठे?

पुढच्या रविवारी वंदना संपते न संपते तोच फोन वाजला. स्पीकरमधून आधी एक खोकला आला, मग एका तरुणाचा सावकाश, सपाट आवाज. कुठेतरी भांडे पडले. दोन वाक्ये झाली. कोंबडा आरवला. आणखी एक वाक्य, आणि आवाज तुटला. खेमा ओट्याला धरून रडत-हसत होती.

“कोंबडा? अरे, तिकडे आत्ता रात्र असेल ना,” प्रफुल्ल हळूच म्हणाला.

“लाँग डिस्टन्सचं बिल सरकार भरतंय, म्हणून कोंबड्यालाही बोलावलं असेल,” त्याची बायको उपासना म्हणाली. सासूची नजर वळताच तिने जीभ चावली.

त्यानंतरच्या रविवारीही फोन आला. या खेपेस खेमाने मध्येच विचारले. काय विचारले ते गिरजाबाईंना कळले नाही. पण आवाज थांबला नाही. तिच्या प्रश्नावरून तो तसाच पुढे चालत गेला, आंधळा माणूस दारावरून पुढे निघून जावा तसा.

खेमाने फोन बंद केला. मग म्हणाली, “ताई, तुला आमची भाषा येत नाही. तुला काय ऐकू आलं?”

गिरजाबाईंनी पदर आवळून घेतला. हे बोलणे म्हणजे एका आईच्या हातून तिचे मूल काढून घेणे होते. “नको विचारू, खेमा.”

“सांग.”

“खोकला. मग भांडं पडलं. मग कोंबडा. दोन्ही खेपेला तस्संच.”

“भांडं मीही ऐकलं होतं,” खेमा म्हणाली. “ऐकलंच नाही असं मनाला सांगत होते. मी त्याला विचारलं, त्या दिवशी तुझ्या ताटात मी काय वाढलं होतं?”

तिसऱ्या रविवारी वार्ताहर आले. अधिकारी पुढच्या ओळीत मांडी घालून बसला होता. वंदना झाली, झारी फिरू लागली. एरवी मागे सरकणारी खेमा उठून पुढे गेली. तिने झारी धरली ती वाकडीच, आणि पाणी वाडग्याबाहेर सांडले. गिरजाबाई क्षणभर बसून राहिल्या. मग गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि त्यांनी खाली वाडगा धरला.

“मी तर्पण करत नाही हं,” त्या कुजबुजल्या. “तुला धरलंय फक्त.”

भदंतांनी डोळे मिटूनच विचारले, “नाव?”

“तिस्स,” खेमा म्हणाली.

स्वयंपाकघरात फोन वाजू लागला.

कोणी उठले नाही. धार पडत होती, फोन वाजत होता. धार बारीक झाली, तसा तो नादही पातळ होत गेला. दूर, आणखी दूर. शेवटचा थेंब वाडग्यात पडला आणि घर निःशब्द झाले.

अधिकाऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. “हे कोण?” तो इंग्रजीत पुटपुटला. “आज फोन ठरला नव्हता.”

खेमाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती वार्ताहरांकडे वळली. “माझ्या मुलाने मत दिलेलं नाही,” ती म्हणाली. “तुम्ही हे लिहून घ्या. त्याला यांनी मारलं, आणि मग त्याच्याकडून मत देववलं.”

ते पाणी मातीला द्यायची भदंतांकडची रीत होती. गिरजाबाई वाडगा घेऊन मागच्या अंगणात गेल्या आणि निष्पर्ण मेपलच्या बुंध्याशी त्यांनी ते हळूच ओतले. बर्फात एक लहानसे काळे भोक पडले. त्या कान देऊन उभ्या राहिल्या. आतून खेमाचा आवाज येत होता, स्थिर आणि स्पष्ट. फोन पुन्हा वाजला नाही.